फुकट डिझाइनचे पैसे कोण भरतं? पुण्यात इंटिरिअर डिझायनरचं काम नेमकं काय असतं

(भागाचा लेखी मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जमतील तेवढे काढलेत.)

आजचा भाग दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. पहिले, ज्यांना इंटिरिअर डिझायनर व्हायचंय, किंवा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला ‘आपण चुकीच्या शाखेत आलोय’ असं वाटायला लागलंय. दुसरे, ज्यांना वाकड, खराडी, उंड्री, रावेत असा कुठेतरी फ्लॅटचा ताबा मिळणार आहे, ईएमआय सुरू झालाय आणि आता ‘इंटिरिअर कोणाकडून करायचं’ हा प्रश्न घरात रोज रात्री जेवताना निघतोय.

मी स्वतः सॉफ्टवेअरवाला. पण माझी एक कॉलेजमधली मैत्रीण बी.टेक. झाल्यावर या क्षेत्रात गेली, आणि तिच्याबरोबर साइटवर फिरताना माझ्या डोक्यातलं या कामाचं चित्र पार बदललं. मला वाटायचं, हे पडदे, कुशन आणि भिंतीचा रंग निवडण्याचं काम. तिच्या बॅगेत काय असायचं? मेजरिंग टेप, लेसर मीटर, खडू, टॉर्च, आणि एक वही जिच्यात फक्त आकडे. कुशनचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो, आणि तोवर बऱ्याचदा बजेट संपलेलं असतं.

आजच्या भागात मला एकच मुद्दा सांगायचाय. इंटिरिअर डिझायनर सल्ला विकतो, आणि त्या सल्ल्याचे पैसे उघडपणे घेतले नाहीत की तो सल्ला कोणाच्या फायद्याचा आहे हे कळेनासं होतं. हा प्रश्न घर करून घेणाऱ्याचा आहे, आणि डिझायनरच्या करिअरचाही. कसं ते टप्प्याटप्प्याने बघू.

आधी मापं, मग स्वप्नं

कामाची सुरुवात होते मोजणीपासून. तुम्ही म्हणाल, बिल्डरने प्लॅन दिलाय की, त्यावर मापं आहेत. आहेत, पण ती कागदावरची. प्लास्टर चढतं, टाइल चढते, भिंत थोडी आत-बाहेर होते. म्हणून चांगला डिझायनर एकच भिंत तीन ठिकाणी मोजतो: फरशीजवळ, कमरेच्या उंचीवर आणि वर छताजवळ. तिन्ही आकडे सारखे आले तर नशीब. भिंत ओळंब्यात आहे का, कोपरा काटकोनात आहे का, हे बघायला सुतार गुण्या लावतो. कोपरा अर्धा इंच जरी फाकलेला असेल तरी सरळ कापलेलं कपाट भिंतीला चिकटत नाही आणि मागे फट राहते.

सुतारकामात अजून ‘सूत’ हे माप चालतं. एका इंचात आठ सूत. डिझायनरचं ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, ग्राहक फुटात बोलतो आणि मिस्त्री सुतात. एक सूत म्हणजे साधारण ३ मिलिमीटर. ड्रॉवरला दोन्ही बाजूंनी लागणाऱ्या चॅनलसाठी एवढी चूक पुरेशी असते. ड्रॉवर अडकायला लागतो. तीन भाषांत बोलणाऱ्या तीन माणसांचा एकच अर्थ निघेल असं बघणं, हा या नोकरीचा मोठा भाग आहे.

इथे कार्पेट एरियाचंही सांगतो. रेरा कायद्याप्रमाणे कार्पेट एरियात घराच्या आतल्या पार्टिशन भिंतींनी व्यापलेली जागा धरली जाते. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरली जात नाही. म्हणजे करारात ६५० चौरस फूट लिहिलंय म्हणून ६५० चौरस फुटांत सामान मावेल असं नाही, कारण आतल्या भिंतींची जाडी त्यातच आहे. डिझायनरला भिंतीपासून भिंतीपर्यंतची मोकळी जागा लागते, आणि ती त्याने स्वतः मोजावी लागते.

सवयी मापात उतरवायच्या

मापं झाली की प्रश्न सुरू होतात. घरात कोण कोण राहणार? पोळ्या कोण करतं? कपडे कुठे वाळतात? गावाहून आई-बाबा किती दिवसांसाठी येतात? देवघर कुठे, आणि गणपती बसतो तेव्हा मखर कुठे मांडता? दिवाळीच्या फराळाचे मोठे डबे वर्षभर कुठे असतात?

हे प्रश्न गप्पांसारखे वाटतात, पण प्रत्येकाचं उत्तर शेवटी आकड्यात जातं. स्वयंपाकाच्या ओट्याचंच बघा. उभं राहून काम करताना ओटा कोपरापेक्षा साधारण चार ते सहा इंच खाली असला तर खांदे दुखत नाहीत. पण पोळी लाटताना वरून जोर द्यावा लागतो, म्हणून तिथे आणखी थोडी कमी उंची सोयीची. आता आई ४ फूट ११ इंच आणि भांडी घासणारा मुलगा ५ फूट १० इंच असेल तर? सगळा ओटा एकाच उंचीचा केला तर कोणीतरी एक जण रोज वाकणार किंवा टाचा उंचावणार. सिंकची बाजू थोडी वर, लाटण्याची जागा थोडी खाली, असं करता येतं. त्याला जास्त ग्रॅनाइट लागत नाही, आधी विचारावं मात्र लागतं.

या विचाराला मोठा इतिहास आहे. १९२६ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात मार्गारेटे श्युटे-लिहोत्झ्की या आर्किटेक्ट बाईंनी नव्या सरकारी घरांसाठी एक स्वयंपाकघर डिझाइन केलं. साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटर, म्हणजे आपल्या पुण्यातल्या वन बीएचकेच्या किचनएवढंच. त्यांनी स्वयंपाक करताना किती पावलं पडतात, कुठल्या कामाला किती वेळ लागतो याचा अभ्यास केला, रेल्वेच्या डायनिंग कारमधल्या किचनकडून कल्पना घेतल्या आणि सलग ओटा, ठरावीक जागेचे ड्रॉवर अशी रचना केली. अशी सुमारे दहा हजार किचन्स बसवली गेली. आजच्या मॉड्युलर किचनची ही पणजी म्हणायला हरकत नाही. पुढे त्यावर टीकाही झाली. त्या किचनमध्ये एकाच माणसाने काम करायचं हे गृहीत होतं. दोघं एकत्र उभे राहू शकत नव्हते. म्हणजे मापं अचूक होती, पण घर कसं चालतं याबद्दलचं गृहीतक त्या मापांत कायमचं बसलं.

पुण्यातलं उदाहरण म्हणजे ड्राय बाल्कनी. किचनला लागून असलेली ती चिंचोळी जागा. प्लॅनमध्ये छान दिसते. मग तिथे वॉशिंग मशीन येतं, फ्रंट लोड असेल तर त्याचं दार पुढे उघडतं, कामाला येणाऱ्या मावशी तिथेच बसून भांडी घासतात, वर कपड्यांची दोरी, बाजूला गॅसच्या पाइपचा मीटर. या सगळ्यांना एकाच वेळी तिथे जागा लागते, आणि हे थ्रीडी चित्रात कधीच दिसत नाही. त्या चित्रात फक्त मनी प्लँट असतो.

डिझायनर कोण म्हणवून घेऊ शकतं?

खरं उत्तर: कोणीही.

आपल्याकडे १९७२ चा आर्किटेक्ट्स कायदा आहे. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय नावापुढे ‘आर्किटेक्ट’ लावता येत नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं की हा कायदा त्या पदनामाच्या वापरावर बंधन घालतो. ‘इंटिरिअर डिझायनर’ या नावाला असं कुठलंच कायदेशीर संरक्षण नाही. त्याच १९७२ साली इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्स ही व्यावसायिकांची संस्था सुरू झाली, पुण्यातही तिची शाखा आहे. पण तिचं सदस्यत्व ऐच्छिक आहे, तो परवाना नव्हे.

गंमत बघा, कर घेताना मात्र सरकार या कामाला पक्का व्यवसाय मानत आलंय. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ४४ एए कलमात डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आर्किटेक्ट, अकाउंटंट यांच्या रांगेत ‘इंटिरिअर डेकोरेशन’ हा व्यवसाय नाव घेऊन लिहिलेला आहे. हिशेबाच्या वह्या ठेवायच्या त्या डॉक्टर-वकिलांसारख्या, पण परवाना कसलाच नाही.

त्यामुळे या क्षेत्रात येण्याच्या वाटाही बऱ्याच. पाच वर्षांचं बी.आर्क. करून इंटिरिअरकडे वळणारे आहेत. विमाननगरची सिम्बायोसिस इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन किंवा लोणी काळभोरचं एमआयटीचं डिझाइन कॉलेज अशा ठिकाणी चार वर्षांचं बी.डेस. करणारे आहेत. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टची परंपरा आहे, अहमदाबादच्या सेप्टमध्ये १९९१ पासून इंटिरिअर डिझाइनचं स्वतंत्र शिक्षण मिळतंय. शिवाय गल्लोगल्ली एक वर्षाचे डिप्लोमा आहेत. आणि वीस वर्षं सुतारकाम करून स्वतःचं ऑफिस थाटलेले मिस्त्री आहेत, ज्यांचं मटेरिअलचं ज्ञान भल्याभल्या पदवीधरांना लाजवेल.

परवाना नाही याचा फायदा असा की दार सगळ्यांना उघडं आहे. तोटा असा की ग्राहकाला चांगलं-वाईट ओळखायची एकही सोपी खूण नाही. मग तो काय बघतो? इन्स्टाग्राम.

थ्रीडी विकतं, ड्रॉइंग बांधतं

डिझायनर दोन प्रकारची चित्रं बनवतो. पहिलं थ्रीडी रेंडर: संध्याकाळचा पिवळा प्रकाश, कोपऱ्यात रोप, टेबलावर उघडं पुस्तक. ग्राहक ते बघून ‘वॉव’ म्हणतो आणि फॅमिली ग्रुपवर टाकतो. मग आत्या म्हणते सोफा निळा करा, आणि सोमवारी सकाळी डिझायनरला मेसेज येतो.

दुसरं वर्किंग ड्रॉइंग: पांढऱ्यावर काळ्या रेघा आणि ढीगभर आकडे. कुठला बोर्ड, किती जाडीचा, बिजागरी कुठली, स्विचबोर्ड फरशीपासून किती उंचीवर, टीव्हीच्या मागे किती पॉइंट. ते बघून कोणी ‘वॉव’ म्हणत नाही, पण घर त्यावरच बांधलं जातं. आमच्या भाषेत सांगायचं तर रेंडर म्हणजे डेमो आणि वर्किंग ड्रॉइंग म्हणजे स्पेसिफिकेशन. डेमोवर टाळ्या पडतात, स्पेक नसेल तर प्रॉडक्शनमध्ये रडारड होते.

एक उदाहरण. बेडला साइड टेबल आहे, त्याच्या वर चार्जिंगचा सॉकेट हवा. इलेक्ट्रिशियन भिंतीत पाइप टाकतो तेव्हा बेड अजून आलेलाच नसतो. ड्रॉइंगवर उंची नसेल तर तो अंदाजाने पॉइंट काढतो, आणि दोन महिन्यांनी तो पॉइंट बरोबर बेडच्या पाठीमागे लपतो. मग त्या घरात पुढची दहा वर्षं एक्स्टेन्शन बोर्ड लोंबकळतो. चूक इलेक्ट्रिशियनची वाटते. खरं तर त्याला आकडाच कोणी दिला नव्हता.

नव्याने या क्षेत्रात येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, पहिली दोन-तीन वर्षं हेच काम असतं: मोजणी, ऑटोकॅडमध्ये ड्रॉइंग, बदल, परत ड्रॉइंग, साइटवर जाऊन ‘यात लिहिलंय ना, मग तसंच का नाही केलं’ असं विचारणं. आणि मुलगी असेल तर साइटवर ‘सर कधी येणार?’ हा प्रश्न ऐकणं. माझी मैत्रीण आता शांतपणे टेप काढते आणि मोजायला लागते. पाच मिनिटांत सगळ्यांना कळतं की सर येणार नाहीयेत.

एका कपाटाचं गणित

आता पैशाकडे येऊ. बाजारात कपाटाचा दर चौरस फुटावर सांगतात. म्हणजे समोरून दिसणारी रुंदी गुणिले उंची. ६ फूट रुंद, ७ फूट उंच कपाट असेल तर ४२ चौरस फूट. सोपं वाटतं ना?

आता आत डोकावू. कपाटाची खोली २ फूट धरा. दोन बाजू आणि मधलं एक पार्टिशन, असे ७ बाय २ चे तीन तुकडे. वरचा आणि खालचा तक्ता, ६ बाय २ चे दोन तुकडे. आतले पाच कप्पे, ३ बाय २ चे. समोर दीड फुटी चार दारं. सगळं १८ मिलिमीटर प्लायमध्ये. क्षेत्रफळाची बेरीज होते १३८ चौरस फूट. प्लायची शीट ८ बाय ४, म्हणजे ३२ चौरस फुटांची. भागाकार केला तर साडेचारपेक्षाही कमी शीट. पण प्लाय पाण्यासारखा ओतता येत नाही, तुकडे कापावे लागतात. शीटवर तुकडे मांडून बघितले तर सहा शीट लागतात. सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल; कॉलेजात शिकलेला बिन पॅकिंगचा प्रॉब्लेम इथे भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये रोज सुटत असतो. दारं कापून उरलेल्या एक फुटी पट्ट्यांतून ड्रॉवरच्या बाजू काढणारा मिस्त्री खरा हुशार. मागचा पातळ प्लाय, लॅमिनेट, बिजागऱ्या, चॅनल, हँडल हे सगळं वेगळं.

मुद्दा हा की ४२ चौरस फुटांचा दर फक्त दार मोजतो, दाराच्या मागचं मोजत नाही. दोन कोटेशन्स सारख्याच दराची असू शकतात. एकात पाच कप्पे आणि चार ड्रॉवर, दुसऱ्यात दोन कप्पे आणि एक दांडी. तुम्ही दर तुलना करता, पण वस्तूच वेगवेगळ्या आहेत.

प्लायचंही तसंच. आयएस ३०३ हे साध्या वापराच्या प्लायचं भारतीय मानक, आयएस ७१० हे मरीन प्लायचं, जो उकळत्या पाण्याच्या चाचणीला टिकावा लागतो. सिंकखाली आणि बाथरूमच्या भिंतीला लागून ७१० वापरणं शहाणपणाचं, बेडरूमच्या कोरड्या भिंतीला त्याची गरज असेलच असं नाही. पण शीटवर नुसतं ‘७१०’ छापलेलं असून भागत नाही. आयएसआय चिन्हाबरोबर सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो. दोन मिनिटांचं काम आहे, आणि लॅमिनेट चिकटवण्याआधीच करायचं. एकदा लॅमिनेट चढलं की आत काय आहे ते पुढच्या पावसाळ्यातच कळतं.

फीचे चार रस्ते

आता मूळ प्रश्न. डिझायनरला पैसे कसे मिळतात? ढोबळमानाने चार रस्ते.

पहिला: ठरावीक फी. सगळ्या घराची एक रक्कम, किंवा कार्पेट एरियाच्या चौरस फुटावर. सगळ्यात स्वच्छ. डिझायनरला स्वस्त प्लाय घेऊन किंवा महाग दिवे घेऊन काहीच फायदा नाही. पण इथे डिझायनरची गळती होते. रक्कम ठरलेली आणि बदल अमर्याद. आत्याचा निळा सोफा आठवतोय ना? म्हणून किती वेळा बदल करून मिळतील हे आधी लिहावं लागतं.

दुसरा: खर्चाच्या टक्केवारीने फी. समजा फी १० टक्के आणि बजेट १० लाख, तर १ लाख. काम वाढून १३ लाखांवर गेलं, तर फी १ लाख ३० हजार. डिझायनर प्रामाणिक असला तरी गणित त्याला बचतीचं बक्षीस देत नाही.

तिसरा: टर्नकी. ‘डिझाइन फ्री, आम्ही सगळं करून देतो.’ एकच माणूस डिझाइन करणार, माल आणणार आणि काम करून घेणार. २०१४ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या लिव्हस्पेस, होमलेन यांसारख्या कंपन्यांनी हे एकहाती काम मोठ्या प्रमाणावर नेलं, आणि शहरातले असंख्य छोटे कंत्राटदारही तेच करतात. नोकरी सांभाळून घर करणाऱ्या जोडप्याला हे खरंच सोयीचं. दहा लोकांमागे धावावं लागत नाही, अडलं तर एकालाच फोन. पण डिझाइनचा खर्च कुठेतरी बसलेलाच असतो, दरामध्ये. आणि दर ठरल्यानंतर मालावर वाचलेला प्रत्येक रुपया करून देणाऱ्याचा. काय बसवणार हे ब्रँड, जाडी आणि मॉडेलसकट लिहिलेलं नसेल तर वाचवण्याची जागा भरपूर असते.

चौथा: कमिशन. हे बाजारातलं उघड गुपित. ग्राहकाला घेऊन आलं की काही दुकानं डिझायनरला टक्केवारी देतात. टाइल, दिवे, पडदे, हार्डवेअर, कुठेही. यात लगेच कोणाला चोर ठरवायची गरज नाही. ग्राहक डिझाइनची फी द्यायला तयार नसेल तर ऑफिसचं भाडं कुठून येणार? प्रश्न वेगळाच आहे. तुम्ही विचारता, ‘दोन दिव्यांपैकी कुठला घेऊ?’ आणि उत्तर देणाऱ्याला एका दिव्यामागे पैसे मिळणार आहेत. तो खरंच चांगला दिवा सुचवत असेलही. पण तुम्हाला ते कळायचा मार्ग उरत नाही, आणि कालांतराने त्यालाही.

मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फी लपली की ग्राहकाचं नुकसान होतं हे उघड आहे. पण डिझायनरचंही होतं. त्याने पोळ्यांची चौकशी केली, ओट्याची उंची बदलली, एक भिंत वाचवली, या सगळ्याची बिलात किंमत शून्य. किंमत फक्त दिव्याला. मग हळूहळू विचारपूस कमी होते आणि दिवे वाढतात. तुम्ही पाहिली असतील अशी घरं, जिथे फॉल्स सिलिंगमध्ये तीस दिवे आहेत आणि चप्पल ठेवायला जागा नाही.

भिंत पाडायच्या आधी

सल्ल्याची किंमत सगळ्यात जास्त कळते ती ‘नाही’ म्हणताना. ‘किचनची भिंत काढून ओपन किचन करू’ ही फर्माईश हमखास येते. पुण्यातल्या बऱ्याच नव्या टॉवर्समध्ये ॲल्युमिनियम फॉर्मवर्क वापरतात, ज्याला सगळे मायवान म्हणतात. त्यात बऱ्याचशा भिंती विटांच्या नसून काँक्रीटच्या असतात, आत सळ्या असतात आणि त्या इमारतीचा भार घेतात. अशी भिंत पाडणं सोडाच, त्यात वायरिंगसाठी खोल खाच मारणंही धोक्याचं. इथे इंटिरिअर डिझायनरने स्वतः निर्णय घ्यायचा नसतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत घ्यायचं असतं.

बाथरूमचंही तसंच. टाइल उखडली की खालचं वॉटरप्रूफिंग फाटू शकतं, आणि पहिली तक्रार येते ती खालच्या मजल्यावरून. रेरा कायद्यात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा अशी तरतूद आहे. पण तुम्ही फोडाफोड केली असेल तर दोष मूळचा की तुमचा, यावर वाद सुरू होतो. म्हणून काम सुरू होण्याआधी घराचे सगळे कोपरे तारखेसकट फोटोत टिपून ठेवा.

आता विचार करा, भिंत पाडली तर काम वाढतं, खर्च वाढतो. ‘नको’ म्हणणाऱ्याला कुठल्या मॉडेलमध्ये पैसे मिळतात? फक्त पहिल्या.

साइट म्हणजे माणसं

अजून एक गोष्ट रील्समध्ये दिसत नाही. एका टू बीएचकेचं काम म्हणजे सुतार, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, पीओपीवाले, रंगारी, फॅब्रिकेटर, असे सहा-सात वेगवेगळे गट. पुण्यातले बरेच सुतार राजस्थानचे, रंगकाम आणि पीओपीवाले अनेकदा उत्तर प्रदेश, बिहारचे. होळीला, छठपूजेला, लग्नसराईत ते गावी जातात. ‘दिवाळीत गृहप्रवेश’ ठरवणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हे कॅलेंडर आधी बघावं, कारण त्या महिन्यात सगळ्या शहराला दिवाळीतच गृहप्रवेश करायचा असतो.

त्यात सोसायटीचे नियम. डिपॉझिट, लिफ्टचा चार्ज, डेब्री कुठे टाकायची, आणि दुपारी ड्रिल बंद. पुण्यात दुपारच्या झोपेला हात लावायचा नाही, हे बाहेरून आलेल्या मिस्त्रीलाही पहिल्याच आठवड्यात कळतं. हे सगळं सांभाळून कोणानंतर कोण येणार हे ठरवणं डिझायनरचं काम. रंगारी आधी आणि सुतार नंतर आला तर रंग परत. आणि कामगारांचे पैसे वेळेवर देणं हाही या कामाचाच भाग आहे. पैसे अडकले की मिस्त्री दुसऱ्या साइटवर जातो, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

मग करायचं काय?

घर करून घेणार असाल तर पहिल्या भेटीत चार प्रश्न विचारा. तुमची फी किती आणि कशावर? दुकानांकडून कमिशन घेता का, घेत असाल तर ते मला सांगाल का? वर्किंग ड्रॉइंग्ज मला मिळतील का? बदल किती वेळा करून द्याल? उत्तरं ई-मेलवर घ्या. कोटेशनमध्ये प्लायचा ब्रँड, ग्रेड, जाडी, बिजागरीचं मॉडेल आणि कप्प्यांची संख्या मागा. पैसे टप्प्याने द्या, आणि शेवटचा टप्पा बारीकसारीक कामं पूर्ण होईपर्यंत हातात ठेवा. सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो दरात धरलाय की वेगळा, हेही आधीच विचारा. आणि फीचा आकडा ऐकून ‘एवढे? नुसत्या ड्रॉइंगचे?’ असं वाटलं तर तो एक्स्टेन्शन बोर्ड आठवा.

या क्षेत्रात यायचं असेल तर रेंडरिंगचं सॉफ्टवेअर शिका, पण त्याआधी सुट्टीत एखादा महिना सुताराच्या हाताखाली घालवा. टिंबर मार्केटमध्ये जा, प्लायच्या कडा बघायला शिका. कसबा पेठेतल्या तांबट आळीत हातोडीने तांब्यावर मठारकाम कसं करतात ते बघा. तांब्याचा दिवा कोणाच्या हातून तयार होतो हे माहीत असलं की कॅटलॉग वेगळ्या नजरेने वाचता. राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन जुन्या घरातले दिवे, दरवाजे, अडकित्ते, भांडी बघा आणि प्रत्येक वस्तू हातात कशी धरली जात असेल याचा विचार करा. आपल्या वाड्यांत फडताळं, कोनाडे, खुंट्या भिंतीतच असायच्या. साठवणीची जागा भिंतीच्या जाडीतून काढायची ही युक्ती आजच्या ४०० चौरस फुटांच्या घरातही सुचू शकते.

आणि पहिल्याच प्रोजेक्टपासून, मग ते मामाच्या घराचं का असेना, फीचा आकडा कागदावर लिहा. मामाला सूट द्यायची असेल तर खाली लिहा: फी इतकी, सूट इतकी. म्हणजे मामाला कळेल की त्याला काहीतरी मिळालंय. आणि तुम्हालाही कळेल की तुम्ही काहीतरी दिलंय.

तर मंडळी, आज इथेच थांबू. तुमच्या घराच्या कोटेशनमध्ये एखादी ओळ कळली नसेल तर नाव-नंबर झाकून तेवढी ओळ पाठवा. पुढच्या भागात अशा पाच-सहा ओळी घेऊन त्यांचा साध्या मराठीत अर्थ लावू. तोपर्यंत एक काम करा: घरातल्या ओट्याची उंची मोजा, आणि त्या ओट्यावर रोज उभं राहणाऱ्या माणसाला विचारा, पाठ दुखते का?